गोदामही फ्रेममध्ये येऊ द्या

भिवंडीजवळच्या अंजूरला कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची एक सवय आहे. खाचरात बगळे उतरले की त्यांची नजर आधी बगळ्यांच्या मागे जाते. गोदामाचं छप्पर दिसतंय का? मग दोन पावलं डावीकडे, गुडघा जरा खाली, लेन्स पूर्ण लांब. छप्पर गेलं, विजेचा खांब गेला, कंटेनरची रांग गेली. उरलं हिरवं शेत आणि पांढरे बगळे. फोटो सुंदर येतो, शाबासकी मिळते, आणि अंजूरबद्दल तो साफ खोटं बोलतो.

हे खोटं मला खुपतं, कारण ते आता शिकवलं जातं. कार्यशाळांमध्ये ‘स्वच्छ पार्श्वभूमी’ हा पहिला धडा असतो. पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्सचं काम तसं सोपं आहे. ती नजरेचा कोन इतका अरुंद करते की पक्ष्याच्या आजूबाजूचं सगळं बाहेर पडतं. छिद्र मोठं ठेवलं की मागे उरलेलंही विरघळून रंगाचा धूर होतं. भराव घातलेलं शेत आणि पीक उभं असलेलं शेत त्या धुरात सारखंच दिसतं.

वन्यजीव छायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धांचे नियम कडक आहेत. संगणकावर एक तार पुसली तरी फोटो बाद. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०१८ मध्ये आपल्या स्पर्धेतला आदल्या वर्षीचा एक विजेता फोटो रद्द केला. त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं. चांगलंच केलं. पण तीच तार पाय सरकवून पुसली तर कुठलाच नियम आड येत नाही. तिथे छायाचित्रकाराच्या मनाचाच नियम चालतो, आणि मी बोलतोय ते त्याच मनाशी.

माणसांच्या बाबतीत हा खेळ फार जुना आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे हजारो फोटो काढणाऱ्या एडवर्ड कर्टिसचा १९१० च्या सुमाराचा एक फोटो प्रसिद्ध आहे. तंबूत दोघे पुरुष बसलेत आणि मूळ फोटोत त्यांच्या मध्ये एक घड्याळ आहे. पुस्तकात छापताना कर्टिसने ते पुसलं. त्याला ‘लोप पावणारी जमात’ दाखवायची होती, आणि वेळ बघणारी माणसं त्यात बसत नव्हती. आपल्या मुंबईतही १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सनने इथल्या जातीजमातींचे फोटो ग्रंथरूपात काढले. त्यातल्या अनेक फोटोंत माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून चिकटवलेला. ज्याच्या हाती कॅमेरा, त्याने ठरवायचं की समोरचा माणूस कुठे उभा होता.

आज आगरी लग्नात तेच चालतं. ठाणे-रायगडच्या आगऱ्यांत लग्न लागतं ते धवलारणीच्या, म्हणजे धवले ही विधीगीतं म्हणणाऱ्या बाईच्या, गळ्यावर. हळदीपासून एकेका विधीचा धवला तिला तोंडपाठ असतो. ती थांबली की विधी थांबतो. लग्नाच्या ‘कॅन्डिड’ अल्बममध्ये मात्र ती शोधून सापडत नाही. नवरीची मेंदी येते, ड्रोनमधून मांडव येतो, डीजेचा धूर येतो. धवला म्हणणारी म्हातारी फोकसच्या बाहेर राहते. आणि ‘लोप पावणारी परंपरा’ टिपायला म्हणून जो मुद्दाम तिच्याकडे येतो, तो तिला चष्मा काढायला सांगतो. मोबाइल उचलून बाजूला ठेवतो. प्लास्टिकची खुर्ची हटवून तिला जमिनीवर बसवतो. अरे, त्याच चष्म्यातून तिला नवरीचं तोंड दिसतं! त्याच मोबाइलवर तिला पुढच्या लग्नाचं बोलावणं येतं. परंपरा जिवंत आहे याचा पुरावाच तू फ्रेमबाहेर काढलास, आणि फोटोखाली लिहिलंस की ती मरतेय. तिचं नाव मात्र लिहिलं नाहीस.

याच्या उलट काय करता येतं, ते आपल्याच माणसाने जगाला दाखवलंय. मुंबईच्या नयन खानोलकरांचा एक फोटो २०१६ मध्ये त्याच लंडनच्या स्पर्धेत शहरी वन्यजीव विभागात पहिला आला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्तीतली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरं आणि मधून चाललेला बिबट्या. खानोलकरांनी भिंत झाकली नाही. ये-जा करणाऱ्या माणसांना आणि बिबट्याला त्रास होणार नाही अशा बेताने कॅमेरा आणि दिवे लावले आणि चार महिने वाट पाहिली. वाघोबाला देव मानणारे वारली आणि बिबट्या एकाच गल्लीतून जातात, हे त्या एका चौकटीत कळतं. भिंत काढा, मग तो बिबट्या जगातल्या कुठल्याही बिबट्यासारखा.

ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांचे फोटो बघा. गुलाबी रांग, सोनेरी पाणी. २०१५ मध्ये इथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, आणि दर हिवाळ्यात लेन्सांची गर्दी वाढत गेली. पण रोहित ज्या शेवाळावर जगतात, ते शहराच्या सांडपाण्यातल्या द्रव्यांवर फोफावतं, असं पक्षी-अभ्यासक सांगत आलेत. ते सांडपाणी किती फोटोंत आहे? मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. पंख रस्त्यावर पडले तेव्हा लोक चकित झाले. होणारच. रोहितांच्या वरून विमानं जातात, शेजारून उच्चदाबाच्या तारा जातात, हे इतक्या वर्षांत आपल्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

आता पुन्हा अंजूरकडे. हे गाव देखाव्यापुरतं नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेसाठी पेशव्यांच्या दारी खेटे घालणारे गंगाजी नाईक इथलेच. आणि गोदामं हाही याच भागाचा इतिहास आहे. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, नाशिक महामार्गाच्या काठी, बंदरापासून आवाक्यात, म्हणून माल साठवायला भिवंडीची जमीन सोयीची ठरली. त्यातून कुणाला भाडं मिळालं, कुणाला हमाली, कुणाची खाचरं गेली. हे सगळं एका फोटोत येऊ शकतं.

भरतीचं पाणी ओसरलं की खाडीच्या काठावर बसून बघा. चिखलावर निवटी ही मासळी उड्या मारते. डोळे डोक्यावर, पंखांवर रेललेली, अंग चिखलाने चकाकणारं. दुसरी जवळ आली की पाठीवरचा पंख झेंड्यासारखा उभारते. बाजूला तिवराची मुळं सुयांसारखी वर आलेली. आणि तिच्या मागे, पंचवीस पावलांवर, डंपर मातीचा ढीग ओततोय. लांब लेन्सने टिपलेली निवटी गोड दिसेल. रुंद लेन्स घेऊन, पोटावर झोपून, डंपरसकट टिपलेली निवटी मात्र कामाची ठरेल.

कामाची म्हणजे अगदी शब्दशः. कांदळवन तोडायला आणि तिथे भराव घालायला राज्यभर बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तो पक्का केला. जमीन सरकारी असो वा खासगी, कांदळवनाला संरक्षण आहे आणि भोवतालच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही. निकाल आहे, राज्याचा कांदळवन कक्ष आहे. तक्रारदाराकडे नसतो तो फोटो. ज्यात तिवरं दिसतात, भराव दिसतो आणि मागची ओळखीची खूण दिसते, असा तारीख-वार असलेला फोटो. नेमकी तीच खूण आपण सौंदर्यासाठी कापून टाकलेली असते. या तालुक्यात चांगल्या कॅमेऱ्यांना तोटा नाही. त्यांच्या साठ्यात दहा-दहा वर्षांची खाडी पडून असेल, पण जागा ओळखू येईल असा एक फोटो मिळणं मुश्किल.

म्हणून सरळ मागणं मागतो. पक्ष्याचे शंभर जवळचे फोटो काढा, पण प्रत्येक जागेचा एक रुंद फोटो काढाच. दर वर्षी, त्याच बांधावरून, त्याच दिशेने. मूळ फाइल जपून ठेवा, तारीख पुसू नका. घरट्याचा ठावठिकाणा मात्र कुणाला देऊ नका. माणसाचा फोटो काढलात तर नाव विचारा, ते छापा आणि त्याची प्रत त्याच्या घरी पोचवा. छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांनो, विजेचा खांब दिसला म्हणून गुण कापणं बंद करा.

केनियाला जा, लडाखला जा, जग बघा. पण तिथेही हाच हिशेब लागू आहे: सिंहाभोवती उभ्या असलेल्या वीस गाड्या टिपायला विसरू नका. कॅमेऱ्याला सुंदर ते दिसतं, तसं खरं तेही दिसतं. काय वगळायचं ते आपण ठरवतो, म्हणून जे वगळलं त्याची जबाबदारीही आपलीच.