रा. रा. पार्किंगवाले यांस

मु. हिंदूराव, दिल्ली



पत्राच्या वर तुमचं नाव नाही, राग मानू नका. पावती उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर गाडीचा नंबर आहे, वेळ आहे, 'गाडी अपनी जिम्मेदारी पर खड़ी करें' अशी ताकीद आहे. नाव तेवढं नाही. रकमेसमोर बॉलपेननं लिहिलंय, 'विकलांग जगह का गलत इस्तेमाल, ५००.' खाली सही आहे. ती वाचता येत नाही, म्हणजे सहीच असणार.

या पाचशे रुपयांवर मला अपील करायचं आहे. कुणाकडं करू, असं तुमच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, 'हमसे ही कर लो.' म्हणजे आरोप करणारे तुम्ही, निकाल देणारे तुम्ही आणि पैसे ठेवून घेणारेही तुम्हीच. फिर्यादी, न्यायाधीश आणि खजिनदार तिघंही एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत मावतात. आपल्याकडची कोर्टं उगीच तारखा देत बसतात.

आधी अभिनंदन. दिल्लीत अपंगांसाठी राखलेल्या जागेत कुणीही गाडी घुसवतं आणि कुणी बोललंच तर वडिलांचा हुद्दा सांगतं. तिथं तुमच्या माणसानं जाब विचारला, ही लहान गोष्ट नव्हे. फक्त ज्याच्यासाठी ती जागा होती, त्यालाच विचारला.

ते माझे बाबा. वय ७६, मूळ गाव कागल. हिंदूराव हे नाव ऐकलं की त्यांची कळी खुलते आणि मागच्या सीटवरून व्याख्यान सुरू होतं. हिंदूराव म्हणजे आमचे कागलकर घाटगे, सर्जेरावांचे चिरंजीव, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा रिजच्या टेकडीवरचा बंगला १८३५ साली फ्रेझरचा खून झाल्यावर हिंदूरावांकडं आला. ते गेल्यानंतर, १८५७ च्या धुमश्चक्रीत, इंग्रजांच्या बाजूची गुरख्यांची सिरमूर पलटण तो बंगला धरून बसली होती. ४९० पैकी ३२७ माणसं मेली किंवा जखमी झाली. या टेकडीवर जागेचा भाव तेव्हापासून चढा आहे, हे मी मान्य करतो. आज तिथं महापालिकेचं रुग्णालय उभं आहे. (त्याचा या भानगडीशी संबंध नाही, तुमचं पार्किंग निराळं आणि खासगी.) बाबांचं म्हणणं एवढंच, की घाटग्यांच्या मुलुखात कागलच्या माणसाला गाडी लावायला जागा मिळू नये म्हणजे काय!

जागा होती. निळ्या चौकोनात पांढऱ्या रंगानं चाकाच्या खुर्चीतला माणूस काढलेला. मूळ चिन्ह १९६८ साली सुझान कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीनं काढलं, तेव्हा त्यात नुसती खुर्ची होती. डोकं पुढच्या वर्षी दुसऱ्यानं बसवलं. तुमच्याकडं त्या डोक्यावर तुमच्या माणसाची प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि शेजारी त्याची स्कूटर. आम्ही दोन्ही हलवायला लावली. खटल्याचं मूळ तिथं असावं असा माझा संशय आहे, पण तो पुराव्यात धरू नका.

आता मुख्य गुन्हा. बाबांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो ते लोकांना दिसतं. पाय खिळतात ते दिसत नाही. दारात, वळणावर, गाडीतून उतरल्यावर पहिल्या पावलाला पाय जमिनीला चिकटतात. डोकं 'चल' म्हणतं, पाय ऐकत नाहीत. पण समोर जमिनीवर आडव्या रेषा असल्या, की तोच पाय रेष ओलांडायला म्हणून उचलला जातो. सगळ्यांना नाही, पण पुष्कळ रुग्णांना याचा उपयोग होतो, आणि डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आमच्या घरी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकेका पावलावर पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. पाहुण्यांना वाटतं, पोरं लंगडी खेळतात.

तुमच्या त्या जागेच्या कडेला पिवळे तिरपे पट्टे आहेत. चाकाची खुर्ची गाडीच्या दाराला लावता यावी म्हणून सोडलेली ती मोकळी पट्टी. बाबा उतरले आणि दाराला धरून दोन मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहिले. मी म्हणत होतो, 'बाबा, खाली बघा. रेष. रेष ओलांडा.' तुमचा माणूस ती दोन मिनिटं फोनवर होता. त्यानं मान वर केली तेव्हा बाबांना पहिला पट्टा सापडला होता, आणि ते सव्वीस जानेवारीच्या परेडमधल्यासारखे एक-दोन, एक-दोन करत निघाले होते.

'चल तो रहे हैं!' तो म्हणाला.

तर महाराज, एखादा माणूस चष्मा लावून पेपर वाचताना दिसला म्हणून त्याचा चष्मा जप्त करावा, अशातला हा न्याय.

मी बाबांचं अपंगत्वाचं कार्ड दाखवलं. तो म्हणाला, 'कार्ड तो सब बनवा लेते हैं।' तेव्हा तुमच्या माहितीसाठी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, जुन्या १९९५ च्या कायद्यात सात होते. पार्किन्सन्स या २१ मध्ये नाव घेऊन नमूद आहे. थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. यातली बरीच माणसं तुमच्यासमोरून चालत जातील, आणि तुमच्या माणसाची त्यांच्याकडून चांगली कमाई होईल. ब्रिटनमध्ये, निदान इंग्लंडात, २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वालाही पार्किंगचा निळा बिल्ला मिळू लागला. आपल्याकडं अजून गेटवरच्या माणसाची नजर हाच बिल्ला.

ब्रिटनचं नाव काढलंच आहे, तर तुमच्या कामाचा एक निकाल सांगतो. चेम्सफर्डला बीव्हिस नावाच्या गृहस्थांनी दोन तास फुकट असलेल्या पार्किंगमध्ये जवळजवळ तीन तास गाडी ठेवली. खासगी कंपनीनं ८५ पौंड मागितले. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१५ साली कंपनी जिंकली. खूश झालात? थांबा. तिथं नियम आणि रक्कम मोठ्या ठळक पाट्यांवर लिहिलेली होती. तुमच्याकडं पाटी आहे ती 'यहाँ थूकना मना है' एवढीच. शिवाय दंड करणं हे पोलिसांचं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचं काम. पावतीपुस्तक छापून घेतल्यानं तो अधिकार येत नाही. तुमचा-आमचा फार तर करार. आणि करार मोडला तर वाजवी तेवढीच भरपाई मिळते, असं आपला १८७२ चा कायदा कलम ७४ मध्ये सांगतो. अपंग माणसानं अपंगांच्या जागेत गाडी लावली, तर तुमचं नुकसान किती झालं? खुर्ची हलवण्याची मजुरी धरली तरी पाचशे होत नाहीत.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, राजीव रतुरींच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला बजावलं की अपंगांसाठीच्या सोयींचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून भागणार नाही, ते सक्तीचे करा. राखीव जागा ३.६ मीटर रुंद असावी आणि दारापासून ३० मीटरच्या आत असावी, हे मार्गदर्शक सूचनांत केव्हाचं आहे. तुमची जागा दारापासून जवळ आहे, हे खरं. म्हणूनच खुर्ची तिथं ठेवायला बरी पडते.

बाबांनी पाचशे रुपये स्वतः दिले. खिशातून नोट काढायला त्यांना वेळ लागतो, तोवर मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले होते. मी भांडायला लागलो, तर म्हणाले, 'जाऊ दे रे, घाटग्यांना नजराणा समज.'

पैसे परत केलेत तर पावती द्यायला मी तयार आहे, माझी सही वाचता येते. नाही केलेत तरी पुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही पुन्हा येतोय. खुर्ची आणि स्कूटर आधीच हलवून ठेवा. आणि ते पिवळे पट्टे पुसट झालेत, बाबांना तिसरा पट्टा नीट दिसला नाही. पाचशे रुपयांत रंगाचा एक डबा सहज येईल.

आपला,
पावतीधारक