'लाखो भाविक' या आकड्यास खुले पत्र

प्रति,
'लाखो भाविक' हा आकडा,
मुक्काम : प्रकटदिनाच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र, पान पहिलं.

तुला नमस्कार घालणार नाही. नमस्कार आम्ही माणसांना घालतो. गजानन महाराजांच्या शेगावात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला मंदिरातला आमचा सेवाधारी 'माऊली' म्हणतो, मग तो विमानाने आलेला असो की पायी वारी करत आलेला. तू माऊली नाहीस. तू माऊलींच्या डोक्यांची बेरीज आहेस, आणि ती कुणी केली, कुठे उभं राहून केली, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तरी गावाचं सगळं तुझ्या तोंडाकडे पाहून ठरतं. रस्ता रुंद करायचा, कारण तू. टपऱ्या हलवायच्या, कारण तू. निधी मागायचा, लॉज बांधायचं, शेतजमिनीचे प्लॉट पाडायचे, कारण पुन्हा तूच. यंदा तू फुगलास म्हणजे शेगाव सुधारलं, असं सरळ धरून चालतात. त्या वर्षी नळ किती दिवसांआड आला, कचऱ्याची गाडी कुठल्या गल्लीत शिरलीच नाही, मंदिराजवळचं घरभाडं कुणाला परवडेनासं झालं, यातलं एक अक्षर तुझ्यात नसतं. माझा तुझ्यावर आरोप आहे तो हा : तू पाहुणे मोजतोस आणि गाव मोजल्याचा आव आणतोस.

पाण्यापासूनच सांगतो. आमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तांब्या चार दिवस घासला नाही तर आतून पांढरा थर धरतो. गोडं पाणी येतं ते सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून. त्याच पाण्यावर अकोट आहे, तेल्हारा आहे, जळगाव जामोद आहे, तिकडचं ओलितही आहे. सलग तीन सुट्ट्या आल्या की लॉज भरतात, गच्चीवरच्या टाक्या भरतात, टँकर धावू लागतात. त्या तीन दिवसांत गावाच्या वाट्याचं किती पाणी कुठे गेलं, हे तुला कधी कुणी विचारलं? गजानन महाराजांच्या चरित्रातली अकोली गावची गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ आहे. तहानलेल्या महाराजांना भास्कर पाटलाने पाणी नाकारलं, आणि त्यांनी कोरड्या विहिरीला पाणी आणलं. ज्या मुलखाची श्रद्धाच पाण्याच्या गोष्टीवर पोसली, तिथे पाण्याचा हिशेब ठेवायची कुणाला गरज वाटू नये, याचा मला संताप येतो.

आणि जानेवारी 2025 आठव. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुठीमुठीने गळायला लागले. थोड्या दिवसांत टक्कल पडत होतं, बायकांना, पोरांना, सगळ्यांना. देशभरच्या वाहिन्या आल्या, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक आलं, पाण्याचे नमुने घेतले, त्यात नायट्रेट जास्त निघालं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तो वाद शास्त्रज्ञांचा. मला सांगायचंय ते वेगळं. हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं? कुठल्याही यंत्राच्या नाही. सकाळी कंगव्यात केसांचा पुंजका पाहणाऱ्या बाईच्या. तू त्या वेळीही मंदिराच्या दारात डोकी मोजत होतास. ही गावं याच तालुक्यातली.

आता पत्रावळीचं. प्रकटदिन ज्याची आठवण, त्या 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज पहिल्यांदा दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. अन्न वाया जाऊ नये, ही या गावाला मिळालेली पहिली शिकवण. गजानन महाराज संस्थानाच्या आवारात ती पाळलीही जाते. तिथली स्वच्छता आणि शिस्त बघायला लोक लांबून येतात, आणि त्यामागे हजारो सेवाधाऱ्यांचे बिनपगारी हात आहेत. पण आवाराच्या भिंतीबाहेर तुझं राज्य सुरू होतं. प्रकटदिनाच्या रात्री बाहेरच्या रस्त्यांवर अर्धवट खाल्लेल्या प्रसादाचे द्रोण, चहाचे कागदी कप आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असतात. पहाटे तिथे झाडू मारणाऱ्या बाईला विचार. कुठल्या कोपऱ्यावर किती ढीग, त्यात अन्न किती नि प्लास्टिक किती, गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, सगळं ती उभ्या उभ्या सांगेल. तिची ही माहिती कुठल्याच अहवालात उतरत नाही, कारण तिला कुणी विचारत नाही.

संस्थानाचं आनंदसागर उद्यान काही वर्षं बंद होतं. तेव्हा मुक्कामाला थांबणारी किती कुटुंबं दर्शन घेऊन त्याच दिवशी परत गेली, किती ऑटोवाल्यांनी दुसरं काम धरलं, हे तू सांगितलंस का? तू तर तेव्हाही 'लाखो'च होतास.

तुझे भाऊबंद जगभर आहेत, आणि काही ठिकाणी लोकांनी त्यांना वठणीवर आणलंय. आइसलँडसारख्या थंड देशात 2010 च्या सुमारास वर्षाला पाचेक लाख परदेशी पाहुणे यायचे. 2018 मध्ये ते 23 लाखांवर गेले. देशाची वस्ती तेव्हा साडेतीन लाख. तुझ्या हिशेबाने ही केवढी भरभराट! पण नागमोडी दऱ्यांतलं शेवाळ बुटांखाली तुडवलं गेलं, एक दरी 2019 मध्ये बंदच ठेवावी लागली. आणि तिथे रहिवाशांनाही विचारलं जातं : तुम्हाला हे सोसतंय का? उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमध्ये 2025 पासून संरक्षित भागात येणाऱ्या जहाजावर 200 च प्रवासी चालतात. आपल्याच लडाखमध्ये बर्फ वितळून येईल तेवढ्यावर गावं जगत आली. तिथलं जुनं कोरडं शौचालय पाण्याचा थेंब मागत नाही. पाहुण्यांसाठी गेस्टहाऊसं आली, त्यांच्याबरोबर फ्लश आला आणि बोअर आले. कुठला झरा आटला हे तिथे सगळ्यांत आधी कळतं ते त्यावर शेत भिजवणाऱ्याला. प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्धही लेहमध्ये 1990 च्या दशकात उभ्या राहिल्या त्या तिथल्या बायकाच. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानेही 2024 मध्ये पर्यटन मोजायची नवी चौकट मान्य केली. तिच्यात पैशाबरोबर पाणी, कचरा, रोजगार आणि यजमान लोकांचं जगणंही मोजायचं आहे. म्हणजे तुझी एकट्याची सद्दी कागदोपत्री तरी संपलेली आहे. शेगावात तेवढी अजून संपलेली नाही.

कुणी म्हणेल, ते पर्यटन, आमची ही भक्ती. तिला कसलं मोजमाप? भक्ती मोजायला मी सांगतच नाही. पण भक्ताची आंघोळ, जेवण, शौचालय, गाडीचं पार्किंग हे सगळं मोजता येतं, आणि त्याचा भार गावच उचलतं.

आणि मोजायला बाहेरून कुणी आणावं लागणार नाही. स्टेशनवरच्या कचोरीवाल्याला गर्दी कुठल्या गाडीने आली आणि कुठल्या गाडीने गेली हे तोंडपाठ असतं. गुरुवारी आणि एरवी तेल किती लागतं, यावरून तो तुझ्यापेक्षा खरा आकडा देईल. ऑटोवाल्याला मुक्काम करणारे कोण आणि उभ्याउभ्या परतणारे कोण, हे सामानावरून कळतं. नळावरच्या बायकांना पाणी किती वाजता आलं नि किती हंड्यांत संपलं, हे कुणी शिकवायला नको. नववी-दहावीच्या पोरांना बोअरची पाणीपातळी दोरी सोडून मोजता येते आणि वहीत लिहिताही येते. फक्त ती वही त्यांच्या हातात राहिली पाहिजे आणि तिच्यातलं वाचल्याशिवाय गावाचा कुठलाही आराखडा मंजूर होता कामा नये. माहिती आमच्याकडून न्यायची आणि निर्णय बंद खोलीत घ्यायचा, हे चालणार नाही. तो खेळ तू आमच्याशी पुष्कळ वर्षं खेळलास.

तेव्हा यंदाच्या प्रकटदिनाला आम्ही तुझ्याशेजारी आमचेही आकडे छापायला देणार आहोत. पाण्याचे टँकर, नळाचे तास, कचऱ्याच्या गाड्या, मुक्कामी कुटुंबं आणि त्या आठवड्यात गावातल्या माणसाच्या हाती पडलेली रोजी, एवढे रकाने आखून झालेत. नळाच्या रकान्यासाठी आमच्या गल्लीतल्या दोघीजणींनी नावं दिली आहेत. ऑटो स्टँडवरून होकार यायचाय. गुरुवारी पुन्हा विचारायला जातो.

जय गजानन.

एक शेगावकर