मनगटातला मर्द

घड्याळाच्या दुकानात काळा रुंद चामडी पट्टा 'जेन्ट्स' आणि बारीक सोनेरी साखळी 'लेडीज', हे जणू वेदांतच लिहिलेले. शंका घेणाऱ्याकडे विक्रेता दयेने पाहतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात मनगटावर घड्याळ बांधणे हेच मुळी बायकी मानले जाई. मर्द माणसाचे घड्याळ वेस्टकोटाच्या खिशात, साखळीला टांगलेले. मग १९१४चे महायुद्ध आले. तोफांचा मारा मिनिटांच्या हिशेबाने, हातात रायफल. खिसा चाचपायला फुरसत कुणाला? शिपायांनी घड्याळ पट्ट्यात घालून मनगटावर बांधले आणि चार वर्षांत बायकांचा दागिना मर्दानी ठरला! (बांगड्यांना अजून असे युद्ध लाभलेले नाही.)

आपल्याकडचा प्रकार आणखी बहारीचा. गळ्यात गोफ, बोटांत अंगठ्या, मनगटात कडे आणि सासऱ्याने दिलेले पिवळेधमक घड्याळ असा सजलेला गृहस्थ गुलाबी पट्टा पाहून नाक मुरडतो, "छे, बायकी दिसतं!" बायकोने त्याचे भल्यामोठ्या तबकडीचे घड्याळ घातले तर ती स्मार्ट. त्याने तिचे घातले, तर संध्याकाळपर्यंत सोसायटीत चौकशी समिती.