साडेतीन तास पुढचे काका

सकाळी सहाला टिळक रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तरीही चौकात एक गृहस्थ पादचाऱ्यांच्या सिग्नलवरचा लाल माणूस हिरवा होण्याची वाट बघत उभे असतील, तर ते आमचे जपानकाका. दूधवाला त्यांना वळसा घालून जातो. पेपरवाला 'काका, चला की,' म्हणून जातो. एकदा एका रिक्षावाल्याला वाटलं, गृहस्थांना चक्करबिक्कर येतेय. त्याने खाली उतरून पाण्याची बाटली पुढे केली. काकांनी कमरेत वाकून त्याचे आभार मानले. रिक्षावाला घाबरून निघून गेला.

काकांचं खरं नाव आता फक्त सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. १९८९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कंपनीने त्यांना आठ महिन्यांसाठी ओकायामाजवळच्या एका कारखान्यात शिकायला पाठवलं. आठ महिन्यांनी माणूस परत आला असं कंपनीला वाटलं, आईवडिलांना वाटलं आणि लग्न ठरलं तेव्हा काकूंनाही वाटलं. काकूंचा गैरसमज महाबळेश्वरला दूर झाला. समोर दरीत ढग उतरले होते, काकूंनी शाल सावरली होती, आणि काका म्हणाले, "फुजीवर याहून शिस्तीत असतात."

त्यानंतर काका सहा वेळा जपानला जाऊन आले. उरलेल्या जगावर त्यांचा राग नाही, पण त्याचं त्यांना काही पडलेलंही नाही. मुलगी नऊ वर्षं जर्मनीत आहे. तिच्याकडे ते एकदाच गेले. "देश छान आहे," परत आल्यावर म्हणाले, "पण आगगाडी अकरा मिनिटं उशिरा." संपलं प्रवासवर्णन.

जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. काकांच्या डाव्या मनगटावर भारत आणि उजव्यावर जपान. रात्री साडेआठला गप्पा रंगात आलेल्या असताना ते उजव्या हाताकडे बघून म्हणतात, "बारा वाजले की!" पाहुणे लगबगीने उठतात. काकू आमटी गरम करत असतात, त्या पळी हातात घेऊन दारापर्यंत धावतात.

त्यांच्या घरी जाणं हा एक संस्कारच आहे. चपला बाहेर काढायच्या, हे आपल्याकडेही आहे. पण आत सपाता घालायच्या, त्या बैठकीच्या खोलीतल्या सतरंजीपाशी काढायच्या, आणि संडासासाठी वेगळा जोड, तो फक्त संडासाच्या दाराच्या आत. तो जोड घालून तुम्ही बाहेर हॉलमध्ये आलात तर काका काही बोलत नाहीत. नुसते तुमच्या पायांकडे बघतात. आमच्या बिल्डिंगमधल्या तीन कुटुंबांनी त्यांच्याकडे जाताना पाणी पिणंच सोडलंय.

काकांचे आवडते किस्से दोन. पहिला २०१७चा. टोकियोजवळच्या एका रेल्वेमार्गावर गाडी वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. "उशिरा नव्हे! आधी!" हे सांगताना काकांचे डोळे भरून येतात. दुसरा किस्सा दुःखाचा आहे. परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास २०२३च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. आपल्याकडे बसचं तिकीट वाढलं तेव्हा याच गृहस्थांनी वर्तमानपत्राला चार पत्रं लिहिली होती. मी आठवण करून दिली. "अहो, पण त्यांनी किती नम्रपणे वाढवलं!" काका म्हणाले.

गेल्या नोव्हेंबरात मी त्यांच्याबरोबर गेलो. खरं तर मला काकूंनी नेलं. इतकी वर्षं त्या 'जाऊन या तुम्ही' म्हणत आल्या होत्या. या खेपेला तयार झाल्या, पण अट घातली, की मराठीत बोलायला आणखी एक माणूस बरोबर हवं. "हे तिकडे मराठी बोलतीलच असं नाही."

निघण्याआधी तीन रात्री आम्ही बाकरवड्या बांधत होतो. जपानमध्ये कोणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. भेटीच्या खाऊला तिथे ओमियागे म्हणतात आणि त्याच्या खोक्यात प्रत्येक वडी, प्रत्येक बिस्कीट वेगळ्या वेष्टनात असतं. तेव्हा काकांनी चार किलो बाकरवडीतली एकेक बाकरवडी बटर पेपरात गुंडाळायला लावली. तिसऱ्या रात्री काकूंनी एक न गुंडाळता तोंडात टाकली आणि काकांकडे बघत चावली.

टोकियोत पहिल्याच दिवशी काकांनी आम्हाला असाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेनला नेलं. हे गणपतीचं देऊळ. बौद्ध भिक्षूंबरोबर आपले बरेच देव तिकडे गेले. सरस्वती बेंझाइतेन झाली, हातातली वीणा जाऊन बिवा आली. गणपती झाला कांगितेन. मूर्ती मात्र दर्शनाला नसते, झाकलेली असते. काकू हात जोडून दहा मिनिटं मूर्ती शोधत होत्या. मग त्यांना नैवेद्य दिसला. मुळे. पांढरेशुभ्र, मांडीएवढे मुळे, रांगेने रचलेले.

"बाप्पाला मुळा?"

"इथे मुळाच वाहतात."

"उंदीरमामा तरी कुठे दिसत नाहीत," काकू पुटपुटल्या. "गेले असतील बिचारे मोदक शोधायला." तिथेच मिळणारा एक मुळा घेऊन त्यांनी वाहिला, पण डोळे मिटून त्या बराच वेळ काहीतरी कबूल करत होत्या. घरी परतल्यावर एकवीस उकडीचे झाले, तेव्हा काय ते कळलं.

जेवणाची कथा निराळीच. काका शाकाहारी, पण जपानमध्ये त्यांची व्याख्या अशी, की मासा दिसला नाही तर तो नाही. दाशी नावाचं सार तिथे आपल्या फोडणीसारखं सगळीकडे असतं आणि बहुतेक वेळा त्यात सुकवलेल्या बोनितो माशाचा कीस असतो. काकू वाटी पुढे धरून विचारायच्या, "यात मासा आहे का?" काका वाटीत डोकावून म्हणायचे, "तुला दिसतोय?"

आणि मग ओसाका. स्टेशनात हीऽ गर्दी. काका आपल्या मते घरच्याच स्टेशनात असल्यामुळे ताडताड पुढे गेले आणि दिसेनासे झाले. काकूंनी पस्तीस वर्षांच्या सवयीने हाक मारली, "अहो! अहोऽऽ!" आजूबाजूचे पंधरा-वीस पुरुष दचकून वळले. शाळेच्या पोरांचं एक टोळकं तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसायला लागलं. काका धावत परत आले, कानापर्यंत लाल.

"इथे तसं ओरडू नकोस! ओसाकाकडच्या बोलीत 'आहो' म्हणजे मूर्ख!"

काकू क्षणभर गप्प राहिल्या. चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "म्हणजे बरोबरच हाक मारतेय मी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या अर्ध्या तासात कारण नसताना सहा वेळा मारली.

ओसाकाहून ओकायामा बुलेट ट्रेनने पाऊण तास. स्टेशनाबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे. पीच फळातून जन्माला आलेला हा गोष्टीतला पोरगा ओकायामाने आपलासा केलाय. काकांनी पुतळ्यालाही वाकून नमस्कार केला, आणि आम्ही पोचलो आजींकडे.

या आजी म्हणजे १९८९च्या घरमालकीण. वय चौऱ्याऐंशी, उंची काकूंच्या खांद्याएवढी. त्यांनी काकूंसाठी मुद्दाम कोम्बू शेवाळ आणि वाळवलेल्या मशरूमचं, मासा नसलेलं दाशी केलं होतं. इतक्या वर्षांत काकांना असं काही मिळतं हेच ठाऊक नव्हतं. काकू गहिवरून म्हणाल्या, "आजी!" आता जपानीत 'आजी' म्हणजे चव. आजींना वाटलं, चवीची तारीफ चाललीय, त्यांनी आणखी वाढलं. काकू घाईघाईने म्हणाल्या, "आजी, नको, नको!" आणि 'नेको' म्हणजे मांजर. चव, मांजर, मांजर! आजी पातेलं खाली ठेवून टेबलाखाली वाकून बघायला लागल्या.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. काका दरवर्षी न चुकता पाठवतात. आजींना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, पण वाराची रांग त्यांनी ओळखून ठेवलीय. जपानमध्ये कचऱ्याचे वार ठरलेले असतात, जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. आजींनी ते रंगीत पेनांनी कालनिर्णयावर मांडलेत. मंगळवारी लाल गोल, म्हणजे जळणारा कचरा. अंगारकीलाही.

पण खरा धक्का पुढेच होता. जेवणानंतर काका बोलायला लागले. विषय एकच, पुणे! आणि मी ते पुणे कधी पाहिलेलं नव्हतं. आजींची नात इंग्रजीत मला सांगत होती म्हणून कळलं. त्या पुण्यात हवा अशी, की पंखा लागत नाही. रस्त्यावर वाहनं एकमेकांची विचारपूस करत जातात, त्यालाच हॉर्न म्हणतात. जपानी मुळाक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशीच का सुरू होतात? कारण तो क्रम भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आला. इथवर खरंच आहे. पण काकांच्या बोलण्यात ते भिक्षू सदाशिव पेठेतून निघाल्यासारखे वाटत होते. फोनमधल्या एका फोटोत कुठल्याशा बंगल्याच्या फाटकावरची पाटी होती: 'येथे गाडी लावू नये. हवा सोडली जाईल.' आजींनी विचारलं, काय लिहिलंय? काका म्हणाले, "इथे थांबलात, तर वारा मुक्त होईल." आजींनी डोळे मिटले. किती सुंदर, म्हणाल्या.

सोसायटीच्या वार्षिक सभेत 'हे शहर म्हणजे उकिरडा आहे' असं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावणारा माणूस तो हाच.

दुसऱ्या दिवशी कोराकुएनमध्ये तेच. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या सरदाराने तयार करवून घेतलेली बाग. विस्तीर्ण हिरवळ, तळी, मधेच एवढीशी भातखाचरं आणि चहाची झुडपं, आणि मागे ओकायामाचा काळा किल्ला, ज्याला लोक कावळ्याचा किल्ला म्हणतात. मी गुंगून बघत होतो. काका मात्र आजींना सांगत होते, की हिच्यावरून सिंहगड रस्त्यावर आम्ही बाग केलीय, पु. ल. देशपांडे उद्यान, आणि तिथे पाणी जास्त खळखळतं. त्याच उद्यानात उभं राहून 'छे, कोराकुएनची सर नाही' म्हणताना मी त्यांना किमान दहा वेळा ऐकलंय. मी तसं म्हणालो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, जसं संडासाच्या सपातांकडे बघतात तसं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजींच्या शेजारीणबाई भेटल्या. नात भाषांतर करत होती. शेजारीण अगदी हळू आवाजात, चारदा वाकून, म्हणाल्या, की आजी फार चांगल्या आहेत, पण त्यांचं भारताचं वेड जरा कठीण आहे. भारतात म्हणे लोक न कळवता, सरळ दार ढकलून शेजाऱ्याकडे जातात आणि 'काय केलंय आज?' असं विचारतात. "आजी आमच्याकडे तशा येतात." शेजारीणबाईंनी उसासा टाकला. "पातेल्यावरचं झाकणसुद्धा काढून बघतात."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आमच्याकडच्या सपातांबद्दल त्यांना सांगावंसं वाटत होतं, पण नातीवर आणखी किती ओझं टाकायचं?

जानेवारीअखेर आजी नातीला घेऊन पुण्याला आल्या. काकांची धांदल उडाली. ज्याचं वर्णन केलं ते शहर आता दाखवायचं कुठून? पहिले दोन दिवस त्यांनी आजींना पहाटेच बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी आजी एकट्याच निघाल्या, दोन मजले चढून आमच्या घरी आल्या, दार ढकललं आणि गॅसवरचं झाकण काढून बघितलं. भरली वांगी होती. माझ्या बायकोने पाट मांडला. आजींच्या चेहऱ्यावर, आपल्या देशात पोचल्यासारखा आनंद होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही टिळक रस्त्यावर गेलो. सहा वाजलेले, रस्ता दुथडी भरून वाहत होता. काका नेहमीच्या जागी, लाल माणसासमोर उभे राहिले. मी त्यांच्यामागे. आजींनी एकदा सिग्नलकडे पाहिलं, एकदा वाहनांकडे. जपानमध्ये पोरांना लहानपणी शिकवतात, रस्ता ओलांडताना हात वर करायचा. आजींनी हात वर केला आणि सरळ चालायला लागल्या. पीएमपीची बस थांबली. रिक्षा थांबल्या. तोंडाला स्कार्फ बांधलेल्या दोन स्कूटरवाल्या पोरी थांबल्या. पुण्यातही हात करूनच रस्ता ओलांडतात, हे आजींना कोणी सांगितलं नव्हतं. नात मागोमाग पळाली, काकू पिशवी सावरत तिच्यामागे गेल्या.

लाल माणूस हलेना. काका उजव्या मनगटाकडे बघत होते.

पलीकडच्या फुटपाथवरून आजींनी वळून पाहिलं, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि चौकभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अहो!"

कुठल्या भाषेत, ते काकांनीही विचारलं नाही.