पाच बदामांचे नाना

सांगलीच्या विश्रामबागेत नाना हे कुणा एका माणसाचं नाव नाही. तो एक दर्जा आहे आणि तो निवृत्तीनंतर आपोआप मिळतो. पाटबंधारे खात्यातून, एखाद्या बँकेतून किंवा वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून साठीला बाहेर पडलेला, मुलं हिंजवडीत किंवा त्याहून लांब असलेला, स्वतःचं बैठं घर आणि दारात जास्वंद असलेला गृहस्थ म्हणजे नाना. सकाळी साडेसहाला विलिंग्डन महाविद्यालयाच्या परिसरात चालायला निघालेल्या मंडळींत तो सापडतो. विलिंग्डन १९१९ सालचं. तिथल्या झाडांनी नानांच्या कितीतरी पिढ्या पाहिल्या असतील, पण या पिढीचं लक्षण वेगळं आहे. आधीच्या नानांच्या खिशात तपकिरीची नाहीतर चुन्याची डबी असायची. आताच्या नानांच्या खिशातल्या डबीत बदाम असतात. तपकीर सुटली, डबी सुटली नाही. व्यसन गेलं तरी त्याचा सरंजाम ठेवायची आपली जुनी रीत आहे. दोन फेऱ्या झाल्या की नाना कट्ट्यावर बसतात, डबी उघडतात आणि शेजारच्याला विचारतात, ‘‘तुम्ही किती घेता?’’ इथे ‘खाता’ म्हणत नाहीत. बदाम घ्यायचा असतो, रक्तदाबाच्या गोळीसारखा. नानांच्या साऱ्या घोटाळ्याचं मूळ याच समजुतीत आहे, असं माझं म्हणणं आहे. बदाम, अक्रोड, काजू, शेंगदाणे हा उत्तम खाऊ आहे. त्याला औषध केलं की त्याचा गुण निम्म्याहून कमी उरतो.

औषध म्हटलं की मात्रा आली, पथ्य आलं, विधी आला. नानांच्या घरी रात्री साडेनऊला, बातम्या संपल्यावर, एका स्टीलच्या वाटीत पाच बदाम भिजत पडतात. पाचच का, याला उत्तर नाही. चार म्हणजे जोडीचे, सहा म्हणजे उधळपट्टी, सात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीत. वाटीवर झाकण, झाकणावर चमचा, म्हणजे मांजराने झाकण हलवलं तर आवाज यावा. सकाळी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून साल काढण्याचा कार्यक्रम होतो. त्यात एखादा बदाम सुटून फ्रिजखाली जातो आणि त्या दिवशीची मात्रा चारवर येते. मग नाना दिवसभर थोडे अशक्त दिसतात. साल ‘गरम’ असते म्हणून ती तुळशीत जाते. वास्तविक बदामातल्या पॉलिफेनॉलचा मोठा वाटा त्या सालीतच असतो, म्हणजे नानांच्या घरी सगळ्यात निरोगी आहार तुळशीचा. भिजवण्याने तरी काही साधतं का, हे न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून पाहिलं. भिजवलेला आणि न भिजवलेला बदाम पचायला सारखेच ठरले, आणि ज्या फायटेटमुळे खनिजं अडकतात म्हणतात तेही भिजवून फारसं हटलं नाही. दात हलत असतील तर भिजवलेला बदाम चावायला सोपा, एवढं श्रेय त्या वाटीला द्यायला हरकत नाही.

आता मात्रेचं पाहू. बदाम-अक्रोड खाणाऱ्यांचं हृदय चांगलं राहतं हे ज्या अभ्यासांवरून आपण म्हणतो, त्यात रोजचं प्रमाण साधारण २८ ते ३० ग्रॅम असतं. म्हणजे बावीस-तेवीस बदाम, घसघशीत एक मूठ. नानांचे पाच बदाम वजनाला सहा ग्रॅम भरतात. पंचमांश मात्रा घेऊन पूर्ण गुणाची वाट पाहणं हा बदामावर अन्याय आहे. पण त्याहून मोठा घोटाळा पुढेच आहे. औषध आपण जेवणाच्या वर घेतो, खाऊ दुसऱ्या खाऊच्या जागी खातो. रक्तदाबाची गोळी घेतली म्हणून कुणी भाकरी कमी करत नाही; तसेच नाना बदाम घेतले म्हणून पोहे कमी करत नाहीत. पाच बदाम, वर दोन अक्रोड (अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून मेंदूला, हे तर्कशास्त्र फणसाला का लावत नाहीत कळत नाही), मग पोह्यांची बशी, अकराला चहा आणि खारी, जेवण, वामकुक्षी, चारला चहाबरोबर भडंग आणि सहाला कुणी आलं तर त्यांच्या संगतीने पुन्हा भडंग. सहा महिन्यांनी मिरजेला जाऊन रक्त तपासायचं, रिपोर्टातला कोलेस्टेरॉलचा आकडा पाहायचा आणि म्हणायचं, ‘‘बदाम भेसळीचे असतील हो हल्ली.’’

स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ या मोठ्या चाचणीचं नाव नानांना व्हॉट्सअॅपवरून ठाऊक असतं. तिचं सार त्यांच्यापर्यंत ‘रोज सुकामेवा खा, हार्टअॅटॅक टाळा’ एवढंच पोचतं. त्या चाचणीत ७,४४७ माणसं होती. एका गटाला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट असं मिश्रण दिलं होतं, आणि कमी चरबीचा आहार सांगितलेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात मिळून जवळपास तीस टक्क्यांनी कमी दिसले. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. माणसांची गटवारी करताना काही ठिकाणी गफलत झाल्याचं उघड झाल्यावर २०१८ साली ती मागे घेऊन, नव्याने हिशेब करून पुन्हा छापावी लागली; निष्कर्ष साधारण तोच राहिला. पण निरोपातून गळालेला भाग असा, की सुकामेवा मिळणाऱ्या त्या लोकांना बेकरीचे पदार्थ, गोड पेयं आणि तांबडं मांस कमी करायलाही सांगितलं होतं. म्हणजे एक गोष्ट ताटात आली तेव्हा दुसरी ताटातून जायची होती. नानांनी चाचणीतले बदाम उचलले आणि खारी जागेवर ठेवली.

यावर एक शहाणा आक्षेप येतो आणि तो सोडून देण्यासारखा नाही. सुकामेवा खाणारी माणसं मुळातच खात्यापित्या घरची, चालायला जाणारी, सिगारेट न ओढणारी. ती जास्त जगतात यात बदामाची काय करामत? शिवाय यातल्या काही संशोधनांना सुकामेवा उद्योगाचा पैसा असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातले पुरुष अशा सव्वा लाखाच्या आसपास लोकांचा जो प्रसिद्ध अभ्यास २०१३ साली आला, त्याला सरकारी निधीबरोबर सुकामेवा उत्पादकांच्या प्रतिष्ठानचाही निधी होता, आणि ती माणसं गरीब नव्हती. पण २०१५ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात अमेरिकेच्या दक्षिण भागातली बहुतांशी कमी उत्पन्नाची माणसं आणि शांघायमधले स्त्री-पुरुष असे मिळून दोन लाखांवर लोक होते. त्यांच्या खाण्यात अक्रोड-बदामांपेक्षा शेंगदाण्याचाच भरणा मोठा. तरीही नियमित खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमीच आढळलं. अशा निरीक्षणाच्या अभ्यासातून कारण पक्कं ठरत नाही हे कबूल. तरी श्रीमंतीचा सगळा वास काढून टाकल्यावरही शेंगदाणा जागेवर उभा राहिला, एवढं नक्की.

आणि इथेच नानांची खरी अडचण होते. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, बदामात वीसच्या आसपास. भाव पाहिला तर बदाम कितीतरी पट महाग. शिवाय शेंगदाणा आपल्याच शिवारातला, कोरेगाव-कराडपासून वाळवा-तासगावपर्यंत कुठेही पिकलेला. तरीही नानांना मूठभर भाजलेले दाणे घ्या म्हटलं की ते आपली सांपत्तिक स्थिती विचारल्यासारखे बघतात. दाणे म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेरचा पुडा, गूळ-दाणे म्हणजे रानातून आलेल्या माणसाला पाण्याबरोबर द्यायची वस्तू, कूट म्हणजे घरच्या काकूंचं खातं. ते डबीत कसं घालणार? बेदाण्याचीही तीच गत. भौगोलिक मानांकन मिळालेला बेदाणा सांगलीच्या बाजारात ढिगाने विकला जातो, पण नानांना तो ‘साखर आहे त्यात’ म्हणून नको. त्यात साखर आहेच, चार किलो द्राक्षं आटून किलोभर बेदाणा होतो तेव्हा गोडवा कुठे जाणार. मात्र हीच सावधगिरी चारच्या चहात दोन चमचे साखर घालताना दिसत नाही. बदामाचा मान आपल्याकडे तालमीतून आला असावा. सांगली-कोल्हापूरकडचे पैलवान थंडाईत बदाम घोटून पितात, आणि हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान इथून हाकेच्या अंतरावर नसलं तरी एसटीच्या अंतरावर आहे. त्या थंडाईचा दरारा नानांनी लहानपणी पाहिला. पण पैलवान थंडाईच्या आधी हजारभर जोर-बैठका मारतो, हा तपशील दरारा पाहताना निसटला असणार.

नाना हार मानत नाहीत. ‘‘शेंगदाण्याने पित्त होतं,’’ हा त्यांचा पहिला डाव. काहींना शेंगदाणा सोसत नाही, आणि ज्यांना त्याची खरी अॅलर्जी असते त्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. पण नानांचं पित्त तपासलं तर दाण्याबरोबर तेल, लसूण, लाल तिखट आणि तिसरा चहा सापडतो, आणि आरोप एकट्या दाण्यावर. खवट, काळपट, बुरसट दाण्याची भीती मात्र रास्त आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने, आणि अफ्लाटॉक्सिनचा शोध त्यातूनच लागला. म्हणून दाणे थोडे आणावेत, कोरडे ठेवावेत, कडू लागलेला दाणा गिळण्याऐवजी थुंकावा. काकू हे सगळं वर्षानुवर्षं करत आल्या आहेत, फक्त त्यांना कुणी संशोधक म्हणत नाही. दुसरा डाव चरबीचा. ‘‘मूठभर म्हणजे किती कॅलरी, हिशेब केलाय का?’’ केलाय. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ साली माणसांना प्रत्यक्ष बदाम खायला घालून मोजलं, तेव्हा २८ ग्रॅममधून शरीराला सुमारे १२९ कॅलरी मिळाल्या. पाकिटावरच्या पद्धतीने काढलेला आकडा १७० च्या घरातला होता. चावून खाल्लेल्या बदामाच्या पेशी पुरत्या फुटत नाहीत, आतली काही चरबी तशीच पुढे निघून जाते. या कामालाही बदाम उत्पादकांची मदत होती, ते मनात ठेवून वाचावं. पण गंमत अशी की बदाम दळून त्याचं लोणी केलं तर ही सवलत उरत नाही, सगळी चरबी अंगी लागते. आणि दात दुखायला लागल्यावर नानांनी काय केलं असेल? मिक्सरला लावून दुधात घ्यायला सुरुवात केली.

या सगळ्यावर नानांचं एक उत्तर उरतं आणि त्याला माझ्याकडे तोड नाही. बदाम कॅलिफोर्नियाचे असतात. जगातला बहुतेक बदाम तिथेच पिकतो आणि तिथून सर्वाधिक माल घेणाऱ्या देशांत भारत पुढे आहे. नानांचा मुलगाही बहुधा तिकडेच असतो. तो दोन वर्षांनी येतो तेव्हा बॅगेत बदामाची मोठी पिशवी असते, आणि सांगलीच्या किराणा दुकानात तोच माल बरा भाव करून मिळत असताना नाना ती पिशवी पुरवून पुरवून खातात. पाचच बदाम रोज, म्हणजे पुढच्या भेटीपर्यंत पिशवी टिकते. पथ्याचं गणित कधी कधी असंही बसतं. मग त्या माणसाला पंचमांश मात्रेचा हिशेब सांगत बसण्यात अर्थ नाही. सांगायचं ते चारच्या चहाचं. सकाळचे पाच राहू देत, पण चार वाजता जी बशी येते तिच्या जागी मूठभर भाजलेले, बिनमिठाचे दाणे यावेत. एक खाऊ जाऊन दुसरा यावा, एवढंच त्या सगळ्या अभ्यासांचं मागणं आहे.

काकूंना हे पटतं, नानांना पटत नाही, कारण भडंगाशिवाय चहा म्हणजे सांगलीचं नागरिकत्व सोडणं. तरीही नानांची बशी नीट पाहणाऱ्याला दिसेल की ते भडंग खाताना एका हाताने बशी हलकेच झटकतात, चुरमुरे वर राहतात, दाणे खाली जमतात आणि पेपर वाचण्याच्या मिषाने नाना तेवढे दाणे वेचून खातात. तळलेले, तिखटातले का होईनात, पण मोजलेले नाहीत, भिजवलेले नाहीत, सालीसकट आहेत आणि चांगले चावलेले आहेत. दिवसभरात आहारशास्त्राच्या सगळ्यात जवळ नाना जातात ते याच पाच मिनिटांत, आणि नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘अहो, नुसते दाणे काय वेचताय? बाकीच्यांनी काय कोरडे चुरमुरे खायचे?’’