अलीकडची डिस्क, पलीकडची डिस्क

निपाणीत माझा छोटासा छापखाना आहे. छापखाना म्हणजे आता एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे गठ्ठे. गेल्या वीस वर्षांत या पंचक्रोशीत जी लग्नं झाली, त्यातली बरीचशी आधी माझ्या हार्ड डिस्कवर लागली आणि मग मांडवात. ही डिस्क ऐन लग्नसराईत कट-कट करू लागली. मला आधी वाटलं, पाल चुकचुकतेय. कॉम्प्युटरवाल्या पोरानं कान लावला आणि नाडी धरलेल्या वैद्यासारखा गप्प बसला.

"काका, ही चालली. जायच्या आत क्लोन करून घेऊया."

मी म्हटलं, फायली पेन ड्राइव्हवर घे की. पण माझे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. नुसती फाईल दुसऱ्या मशिनवर नेली, की 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस, टिंबं आणि डॉलर उमटतात. नवरी अमेरिकेला दिल्यासारखी दिसते. क्लोनमध्ये विंडोज, फॉन्ट, सेटिंग, सगळा संसार जागचा न हलवता उचलला जातो.

एसएसडी घ्या म्हणून पोरानं गळ घातली. मी त्याच कंपनीची, तेवढीच, 500 जीबीची हार्ड डिस्क घेतली. जोडून बघतो तर 465! तंबाखूच्या पेठेत वाढलेला माणूस कडता लगेच ओळखतो. पोरगा म्हणाला, कंपनी हजारानं मोजते, मशीन 1024नं. माल तेवढाच आहे. काट्यापाशी उभे राहून व्यापारीही आमच्या आज्जाला हेच सांगायचे.

या यंत्राची आणि आमची सोयरीक तशी जुनी आहे. आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क जाहीर केली ती 1956च्या सप्टेंबरात. दोन-दोन फुटी पन्नास तबकड्या, वजन टनभर आणि मावायचं किती, तर जेमतेम पाच एमबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो. पुढं दोन महिन्यांच्या आत, 1 नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातली निपाणी बसल्या जागी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली. डिस्कच्या भाषेत सांगायचं तर आतला डेटा तोच, फक्त डी ड्राइव्हची ई ड्राइव्ह झाली. तेव्हापासून आमचे शॉर्टकट उघडत नाहीत. सीमाभागासाठी महाराष्ट्रानं 2004 साली सुप्रीम कोर्टात दावा घातलाय, त्याची पट्टी शंभर टक्क्यांवर कधी जाते बघायचं.

रात्री नऊला बसलो. पोरानं पेन ड्राइव्हवरून क्लोनझिला चालू केलं. हे तैवानात तयार झालेलं फुकटचं सॉफ्टवेअर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि मग प्रश्न: सोर्स कुठली? दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या.

"बघून सांगा काका. उलटं झालं तर नव्यातलं रिकामं जुन्यात जातंय. मग काय ऱ्हात नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अलीकडचं कुठलं आणि पलीकडचं कुठलं, हे सीमाभागातल्या माणसाला विचारू नये. महाराष्ट्रातल्या कागलची आत्या आम्हाला 'पलीकडची' म्हणते, आम्ही तिला. शेवटी चष्मा लावून लेबलावरचे नंबर पडद्यावरच्या नंबरांशी ताडून बघितले. घरातलीनं नव्या डिस्कला कुंकू लावलं होतं, ते नेमकं शेवटच्या दोन आकड्यांवर. पुसून वाचलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे? हो म्हटलं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. माझ्या लग्नात मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

रात्रभर पट्टी सरकत होती. खराब सेक्टर आला की थांबायची, कट-कट व्हायची, मग पुन्हा चालायची. पहाटे काम फत्ते झालं. पोरगा झोपेत एक डिस्क काढायला विसरला आणि कॉम्प्युटर तसाच चालू केला. विंडोजनं एक डिस्क ऑफलाइन टाकली. दोघींची सही एकच, म्हणून एका घरात नांदवणार नाही म्हणे! चंद्रपूरकडं जिवती तालुक्यात चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात, माणसांकडं दोन-दोन रेशनकार्डं आहेत, आणि तिथं कुणी ऑफलाइन जात नाही. विंडोजला सरकार चालवायचा अनुभव नाही.

नव्या डिस्कवर पहिलीच पत्रिका उघडली. तळाशी ओळ: 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! – चिंटू, पिंकी'. ही 2006 सालच्या नमुन्यातली पोरं. पुसायची राहिली, की दुसऱ्याच्या लग्नात जाऊन उभी राहतात. एका नवरदेवाला बहीणच नव्हती, तेव्हा याला मामा म्हणणारी ही दोघं कुणाची, म्हणून भर मांडवात चौकशी बसली होती. शिवाय प्रत्येक लग्नाच्या पत्रिका दोन, एक मराठी, एक कन्नड. एकीत चुलत्याचं नाव गाळलं, की दुसरीतही इमानानं गळतं. क्लोनचं नवल मला कशाला वाटेल? चिंटू-पिंकी आता लग्नाला आली असतील. त्यांची पत्रिकाही माझ्याकडंच येणार.

पोरगा म्हणाला, जुनी टाकू नका, अजून धडपडत चालतेय, दुसऱ्या गावी ठेवा. म्हणून टॉवेलात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून कागलला आत्याकडं निघालो. निवडणुकीचे दिवस. कोगनोळीला बस थांबवून पोलीस रोकड शोधत होते. माझा डबा उघडला गेला.

"एन्री इदु?"

"हार्ड डिस्क री."

"ओळग एन ऐती?"

आत काय आहे ते कन्नडात कसं सांगावं! लग्नाला मदुवे म्हणतात, तेवढं आठवलं. मी म्हटलं, "मदुवे री. साडेचार हजार मदुवे."

त्यानं डिस्क कानाजवळ नेली आणि नारळ पारखावा तशी हलवून बघितली.