लॅपटॉपदादा

डोंबिवलीतल्या बहुतेक सोसायट्यांत एक लॅपटॉपदादा असतो. वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी कुठल्याशा कंपनीत. तिथे तो नेमकं काय करतो हे बायकोलाही सांगता येत नाही. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की त्याच्या दारातल्या चपला वाढतात.

"बजेट पन्नास-पंचावन्न. कुठला घेऊ?" येणारा उभ्याउभ्याच विचारतो. दादा त्याला बसवतो, चहा सांगतो आणि उलटा प्रश्न टाकतो, "काम काय करणार त्यावर?"

इथेच घोडं पेंड खातं. माणसं डॉक्टरला दारू कमी सांगतात आणि दादाला काम जास्त. स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ ज्याने कधी शेवटपर्यंत पाहिला नाही, तोही "थोडं व्हिडिओ एडिटिंग" म्हणतो. दादा मुरलेला. तो विचारतो, "काल दिवसभरात काय काय उघडलं होतंत?" तेव्हा एक्सेल, ईमेल, क्रोमचे तीसेक टॅब आणि कोपऱ्यातला क्रिकेटचा स्कोअर एवढाच ऐवज बाहेर पडतो.

"मग आय-सेव्हन विसरा. रॅम सोळा, एसएसडी ५१२, उरलेले पैसे स्क्रीनवर घाला."

हे अनेकांच्या जिव्हारी लागतं. आय-सेव्हन मेहुण्याकडे असतो ना! मग दादा आपला ठेवणीतला दाखला काढतो. २०१६ सालच्या आय-सेव्हन ७५००-यू मध्ये कोअर दोन, आणि वर्षभराने आलेल्या आय-फाइव्ह ८२५०-यू मध्ये चार. "स्टिकर बघू नका, पिढी बघा. आणि शेवटचं अक्षर. यू असेल तर बॅटरी पुरवून वापरणार, एच असेल तर जोर काढणार आणि पंखाही फिरवणार." समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, "आय-सेव्हनच घेऊ, पण यू की एच ते बघायचं."

दुकानदार मात्र दादाला वचकून असतात. लॅमिंग्टन रोडवर तो शिरला, की विक्रेत्याचं "सर, बॅग फ्री आहे" तिथेच थिजतं. रॅम बोर्डवर सोल्डर केलीय का, एक स्लॉट मोकळा आहे का, स्क्रीन २५० निट्सचीच का? शेवटची शंका फेडायला तो चोरी रोखायची तार ताणत लॅपटॉप दारातल्या उन्हापर्यंत नेतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या टॅक्सवाल्या काकांना परदेशातल्या लेकीने मॅकबुक एअर सुचवला होता. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, हे ऐकून काका पातळशा विंडोज लॅपटॉपवर आले. दादाने वाद घातला नाही. खिशातून व्हाउचरांचा गठ्ठा काढला आणि म्हणाला, "काका, एवढ्या रकमा टाका बरं." काकांचा उजवा हात सवयीने उजवीकडे गेला आणि बोटं काउंटरच्या काचेवर आपटू लागली. त्या सडपातळ यंत्राला आकड्यांचा वेगळा पॅडच नव्हता. काकांनी मुकाट्याने साडेपंधरा इंची उचलला.

रंग बघून घेणाऱ्यांवर मात्र दादाचा राग आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी न विचारता गुलाबीसर लॅपटॉप आणला, तेव्हा तो आठवडाभर जिन्यात त्यांच्याकडे बघतही नव्हता. आज पाच वर्षं झाली, शिकवणीचं सगळं काम त्यावर बिनतक्रार चालतं. हा दाखला त्याच्या ठेवणीत नाही.

त्याच्या ठेवणीत आणखीही एक खाना रिकामा होता. जे.जे.त आर्किटेक्चर शिकणाऱ्या शेजारच्या मुलीला त्याने अगदी नेमका लॅपटॉप मिळवून दिला. रेव्हिट विंडोजवरच चालतं, ग्राफिक्स कार्ड हवंच, ते तापणार म्हणून जाडजूड बांधा हवा, सगळं बिनचूक. पंधरवड्याने ती दार वाजवून आत आली, सॅक सोफ्यावर आदळली आणि म्हणाली, "दादा, ही पोटाशी धरून सकाळच्या फास्टमध्ये एकदा चढून दाखवा."

दादाने तोवर निट्स मोजले होते, वॉट मोजले होते. किलो मोजायचे राहिले होते. तो लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर घेऊन खालच्या वाण्याकडे गेला आणि दोन्ही काट्यावर ठेवले. पावणेतीनच्या पुढे आकडा गेला.

वाण्याने वर न बघताच विचारलं, "पिशवी आणलीय का?"